शेवटचं पान नसलेली वही

भिवंडीतला माल जितका गोदामात असतो, तितकाच एक्सेलमध्ये असतो. मुंबईची जकात लागू नये म्हणून माल वेशीबाहेर उतरवायचा, या हिशेबाने माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडा या गावांत गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. यंत्रमागांच्या गल्ल्यांतही हिशेब एक्सेलमध्येच. कुठल्या मागावर बीम चढला, किती ताके उतरले, सायझिंगवाल्याचं किती देणं राहिलं, हे सगळं एका फाइलीत. म्हणून ती फाइल अडकते तेव्हा ट्रक भरून उभा राहतो, ड्रायव्हर चलनासाठी खिडकीशी येऊन थांबतो, आणि मला फोन येतो : ‘दादा, हँग झालंय.’ किंवा, ‘भाई, फिर हँग हो गया.’

तोवर सल्ले देऊन झालेले असतात. रॅम वाढवा, फॉरमॅट मारा, नवीन मशीन घ्या. मी आधी एवढंच सांगतो, की हात लावू नका. प्रोग्रामच्या खिडकीने पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी लावतं. त्याचा अर्थ प्रोग्राम मेला असा नसतो, बहुतेक वेळा तो कामात बुडालेला असतो. तेव्हा एंड टास्क दाबलं तर सकाळपासूनच्या नोंदी जाऊ शकतात. मागावर धागा तुटला की कारागीर आधी तुटलेलं टोक शोधतो, हँडल नंतर ओढतो. इथेही क्रम तोच.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि एक्सेलसमोरचे आकडे वाचायचे. सीपीयू चढलेला असेल तर गणित चाललंय. मेमरी भरून डिस्क शंभर टक्क्यांवर गेली असेल तर फाइल मशीनला पेलत नाही. आणि दोन्ही शांत असूनही पडदा हलत नसेल तर एक्सेल दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतंय : बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर, शेजारच्या मशीनवरचं शेअर्ड फोल्डर, नाहीतर खिडकीमागे दडलेला एखादा ‘होय-नाही’ विचारणारा डबा. या तीन दुखण्यांवर औषधंही तीन वेगळी. रॅम त्यातल्या एकालाच लागू पडते.

मग फाइलीची कॉपी काढायची. मूळ फाइलीवर मी कधीच काम करत नाही. कंट्रोल दाबून धरून एक्सेल सेफ मोडमध्ये उघडायचं. तिथे फाइल सुरळीत चालली तर दोष बहुधा एखाद्या ॲड-इनचा. तिथेही अडकली तर रिकामं एक्सेल उघडून कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर टाकायचं आणि मग फाइल उघडायची. पहिल्यांदा उघडलेल्या वर्कबुकची गणनेची पद्धत पुढच्या सगळ्या फाइलींना लागते, त्यामुळे एरवी न उघडणारी फाइलही पुष्कळदा उघडते.

आता खरी उलगड सुरू होते. एका गोदामाच्या ऑफिसात ताई भाड्याचा तक्ता सांभाळत. माल किती दिवस पडून आहे त्यावर भाडं, म्हणून प्रत्येक ओळीत ‘टुडे’चं सूत्र. एक्सेल एरवी समंजस असतं. जो आकडा बदलला, त्यावर अवलंबून असलेलीच घरं ते पुन्हा मोजतं. पण ‘टुडे’, ‘ऑफसेट’, ‘इन्डायरेक्ट’ ही सूत्रं दर नोंदीला नव्याने मोजली जातात, आणि त्यांच्यावर टेकलेलं सगळं सोबत हलतं. ताईंनी एका गोणीचा आकडा टाकला की साऱ्या गोदामाचं भाडं पुन्हा मोजलं जाई. मी सूत्र काढलं, वर एका घरात कंट्रोल आणि अर्धविरामाने रोज सकाळी तारीख टाकायला सांगितलं, आणि सगळ्या ओळी त्या घराकडे वळवल्या. फाइल धावायला लागली.

दुसरीकडे वेब पानावरचा मजकूर रोज थेट चिकटवला जात होता. पानासोबत त्यातली न दिसणारी चित्रं आणि चौकटीही शीटवर येऊन बसत होत्या. एफ-५, स्पेशल, ऑब्जेक्ट्स असं निवडलं आणि रिकाम्या दिसणाऱ्या शीटवर बारीक ठिपक्यांचा थर उभा राहिला. एका डिलीटमध्ये तो गेला. पुढे फक्त व्हॅल्यूज पेस्ट करायच्या, असं ठरवून दिलं.

कंट्रोल-एंड दाबलं की शीटचं वापरलेलं टोक कळतं. नोंदी हजारभर, आणि कर्सर जाऊन उभा ओळ क्रमांक १०,४८,५७६ वर, हे मी पुष्कळ ठिकाणी बघतो. कुणीतरी रंग भरताना शेवटच्या ओळीपर्यंतची घरं निवडलेली असतात. २००७ च्या एक्सेलपासून शीट इतकं लांब झालं, त्याआधी ते ६५,५३६ ओळींवर संपायचं. त्या जुन्या हद्दीने २०२० मध्ये इंग्लंडला मोठा फटका दिला. कोविडच्या चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस फाइलींत भरले जात होते. हद्द भरली, पुढच्या नोंदी आवाज न करता गळाल्या, आणि १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत. त्या मानाने हँग होणारी फाइल प्रामाणिक. ती काम थांबवून दुखणं सांगते.

इतक्या फाइली उघडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय, की दोष क्वचितच मशीनचा असतो आणि फाइल भरणाऱ्याचा तर त्याहून कमी. जुन्या पेढीवर वही भरली की संपायची. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा व्हायची, मागची बाकी पुढे ओढली जायची, आणि जुनी वही कपाटात जायची. फाइलीला शेवटचं पानच नाही. म्हणून चार वर्षांचा माल, सोडून गेलेल्या अकाउंटंटची सूत्रं, बंद पडलेल्या पार्ट्यांची नावं, सगळं तिच्यात साचत राहतं, आणि जी ताई आज तिथे बसली आहे तिला बोलणी खावी लागतात.

म्हणून दुरुस्ती झाल्यावर मी निघत नाही, शेजारी खुर्ची ओढून बसतो. ३१ मार्चला फाइल बंद करायची, तिची सूत्रं आकड्यांत बदलून ठेवायची, १ एप्रिलला फक्त बाकी घेऊन नवी उघडायची, हे ताईंच्याच हातून एकदा करून घेतो. कुठलं सूत्र कशासाठी आहे, ते पहिल्या शीटवर मराठीत लिहून ठेवायला लावतो. रॅम कुणीही विकतो. ज्यांच्या बोटांवर या गावाचा माल हलतो, त्यांना आपल्या फाइलीची नाडी कळणं, हीच माझ्या लेखी पुरी झालेली दुरुस्ती.