कवडीचा चैत

आमच्या भागात चैत बघायचा तर मान वर करावी लागते. ज्वारी निघालेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात आणि खाली नुसती ढेकळं. जमिनीवर हिरवं म्हणून काही सापडत नाही. पण डोक्यावर लिंबाला कोवळी तांबूस पालवी आणि बारीक पांढरा फुलोरा आलेला असतो, पिंपळाची नवी पानं तांब्यासारखी चमकत असतात, हिवर आणि बाभळी शेंगांवर आलेल्या असतात. हे वर बघणं मला कवडीनं शिकवलं. कवडी म्हणजे आमची शेळी.

भूम तालुक्यात बालाघाटाच्या डोंगराला लागून आमचं पाच एकर कोरडवाहू रान. आजीनं गल्लीतल्या एकाची शेळी अर्धलीनं सांभाळायला घेतली होती. चारापाणी आपण करायचं आणि करडं निम्मी-निम्मी वाटून घ्यायची, असा तो व्यवहार. 1986 साली वाट्याला जी पाट आली, ती ही. काळीभोर, बिनशिंगाची, आणि लांब लोंबते कान पांढऱ्या ठिपक्यांचे. आराधिणींच्या गळ्यात तुळजापूरच्या आईच्या नावानं कवड्यांची माळ असते, तसे ते ठिपके दिसायचे. आजीनं त्याच दिवशी नाव ठेवलं. आता जिल्ह्याचं नाव धाराशिव झालंय, तरी या जातीला लोक अजून उस्मानाबादीच म्हणतात.

कवडी दूध फार देत नव्हती, दिवसाकाठी अर्धा-पाऊण लिटर. पण ऐन चैत-वैशाखात, गाय आटलेली असताना, घरात चहापुरतं आणि धाकट्या बहिणीपुरतं दूध तिचंच असायचं. गायीला खाली चारा लागतो. कवडी मागच्या दोन पायांवर उभी राहायची, पुढचे पाय बाभळीच्या खोडाला टेकवायची आणि काट्यांच्या मधून ओठांनी नेमकी कोवळी पानं खुडायची. एकदा काटा लागल्याचं मला आठवत नाही.

तिच्या चौथ्या वेताची रात्र मला सगळ्यात जास्त आठवते. चैत्री पौर्णिमा होती. घरची सगळी येरमाळ्याला, येडाईच्या यात्रेला गेलेली. मीही जाणार होतो, नवी चड्डी शिवून ठेवली होती. पण आजी मागं राहिली आणि तिच्या सोबतीला मी. आजीचं गणित चंद्रावर चालायचं. कार्तिकी पौर्णिमेला कवडी माजावर आली, तेव्हा तिला बोकड दाखवला होता. तिथून पाच पौर्णिमा मोजायच्या की दिवस भरले. पुढं पशुवैद्यकीय दवाखान्यात मी एक तक्ता पाहिला. शेळीचा गाभण काळ सुमारे 150 दिवस, असं त्यात लिहिलं होतं. पाच चांद्रमासांचे एकशे अठ्ठेचाळीस होतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आजीचा अंदाज दोन दिवसांनी चुकत होता, एवढंच.

संध्याकाळपासून कवडीनं पाल्याला तोंड लावलं नव्हतं. कास तट्ट भरलेली, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडं खळगे पडलेले. पुढच्या खुरानं ती जमीन उकरायची, बसायची, उठायची आणि पोटाकडं मान वळवून अगदी हळू आवाजात काहीतरी बोलायची. तो आवाज ती एरवी कधी काढत नसे. आजी म्हणाली, "पिल्लास्नी हाक मारतीया. तू गुपचूप बस."

चांगलं टिपूर चांदणं होतं, तरी आजीनं कंदील लावला. पाणमोट फुटली. पुढचे दोन पाय आणि त्यांच्यावर टेकलेलं नाकाड दिसलं आणि बघता बघता पहिलं करडू गवतावर आलं. त्याच्या खुरांची टोकं पिवळी, मऊ, मेणासारखी होती. कवडी त्याला चाटायला लागली तोच दुसरं आलं. दोन्ही पाटी. मला वाटलं, झालं. आजी मात्र तिच्या पोटावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

तिसरं आलं ते निपचित. आजीनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून त्याला दोनदा झोका दिला, मग कडब्याची काडी नाकात फिरवली. काही नाही. पुन्हा काडी फिरवली. मी रडायला लागलो होतो. तेवढ्यात ते शिंकलं. एवढीशी शिंक, पण त्या रात्री साऱ्या गावाला ऐकू गेली असेल असं मला वाटलं. आजीनं पहिल्या दोघांच्या अंगावरचा ओलावा त्याच्या अंगाला चोळला आणि त्याला कवडीच्या तोंडापाशी ठेवलं. वासावरून शेळी आपलं पोर ओळखते. उशीर झाला आणि तो वास लागला नाही, तर ती त्याला जवळ घेत नाही. कवडीनं हुंगलं, थांबली आणि चाटायला लागली. आजीनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत होती की घाम पुसत होती, मला कळलं नाही.

शेळीला सड दोनच. दोघी लागल्या की तिसऱ्याला जागा नाही. तो बोकड होता. बोंडल्यानं चीक आणि दूध पाजून मी त्याला वाढवला. माझ्या हाताला सतत दुधाचा वास यायचा आणि तो शाळेच्या वाटेवरसुद्धा माझी बोटं चोखायला मागं यायचा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून अंगणात जे सुरू झालं, त्याच्याइतकी आनंदाची गोष्ट मी पुढं कुठं पाहिली नाही. करडं चालायची नाहीतच. उभ्या उभ्या चारी पाय एकदम उचलून उडायची, हवेतच अंग वाकडं करायची आणि भलतीकडं तोंड करून उतरायची. उखळावर, बाजेवर, बसलेल्या म्हशीच्या पाठीवर. म्हैस कान हलवून तशीच रवंथ करत राहायची. दमली की तिघंही एकमेकांवर माना टाकून डालग्याखाली झोपायची. मी डालग्याला कान लावून त्यांचे श्वास ऐकायचो. लिंबाची फुलं वरून त्या डालग्यावर गळत असायची.

तो बोकड नऊ महिन्यांचा झाल्यावर बाजारात विकला. माझ्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. मी तेव्हा कुणाला काही बोललो नाही, पण ते दुःख अजून तसंच आहे. त्याला नेल्यावर कवडी तीन दिवस रस्त्याकडं तोंड करून ओरडत होती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. लातूरकडची आणि आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं पडली. आमची भिंत नुसती भेगाळली, तरी पुढं कितीतरी दिवस आम्ही अंगणातच झोपत होतो. कवडी आजीच्या बाजेला बांधलेली असायची. रात्री जाग आली की पहिल्यांदा तिचं रवंथ ऐकू यायचं. मग झोप लागायची.

1998 च्या चैत्रात मी सुट्टीला घरी आलो, तेव्हा ती बारा वर्षांची होती. दोन वर्षं गाभण राहिली नव्हती, पुढचे दात पडलेले. लोक आजीला विकायचं सुचवत. आजी त्यांना चहा देई आणि विषय बदलत असे. त्या वर्षी कवडीच्याच लेकीला जुळं झालं होतं. आई चरायला गेली की ती दोन्ही करडं कवडीच्या पाठीवर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. ती पाय घट्ट रोवून उभी राहायची.

तिला आता झाडाला पाय टेकवून उभं राहणं जमत नव्हतं. दुपारी मी आकडी घेऊन बांधावरच्या हिवराखाली गेलो. ती मागं मागं आली आणि बुंध्याशी थांबून तिनं मान वर केली. मीही वर बघितलं. शेंगांनी लदलेली फांदी आकडीनं ओढून हलवली. शेंगा तिच्या कानांवर, पाठीवर, माझ्या पायांवर पडल्या. एक उचलून तिनं दाढेखाली धरली आणि सावकाश, डोळे मिटून चावत राहिली. मी फांदी पुन्हा हलवली.