कासरा

नातू 'ग्रॅन टुरिस्मो' खेळतो. १९९७ साली जपानात निघालेला हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ. मला वाटलं, नुसतं भुंगाट पळायचं असेल. तसं न्हाई. त्यात जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा खराखुरा रस्ता हाय. वीस किलोमीटरच्या वर, आन् वळणंच वळणं. वळणाआधी वेग मारला न्हाई, की गाडी रस्ता सोडून बाहेर. टायर झिजतात, पावसात चाकं घसरतात.

"आबा, नुसता जोरात जाणारा हरतो," नातू म्हणाला.

बैलगाडीचं तरी दुसरं काय? भरली गाडी उताराला लागली, की कासरा कधी ताणायचा आन् कधी सैल सोडायचा, हे हातालाच कळावं लागतं. दावण रिकामी झाली, तवापासनं ही हाताची समज माझ्यासंगं जाणार, हा घोर होता. आता वाटतं, पोराच्या बोटात ती दुसऱ्या वाटेनं उतरतीय.