पाऱ्याच्या गावी

लहानपणी मी घरातला थर्मामीटर फोडला होता. ताप कुणालाच नव्हता. डॉक्टर ज्या ऐटीने मनगट झटकतात, तसे आपणही झटकून पाहावे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा! थर्मामीटर पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटला आणि शहाबादी फरशीवर चांदीचे मोती सैरावैरा धावू लागले. आम्ही भावंडांनी ते तळहातावर घेतले, बोटाने फोडले, पुन्हा जोडले, तांब्याच्या पैशाला चोळून त्याची चांदी केली. संध्याकाळी वडील कचेरीतून आले आणि फरशीवरचा पारा त्यांच्या डोक्यात चढला. मार बसला तो थर्मामीटरच्या किमतीबद्दल. पारा हाताळल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यात काही वावगे आहे, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हते.

पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकायला गेलो, तर पहिल्याच वर्षी निरिंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात हा जुना सवंगडी पुन्हा भेटला. हा पारा जमिनीतून निघतो तरी कुठे, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी तेव्हापासून इच्छा होती. ती पुरी व्हायला मला सेवानिवृत्त व्हावे लागले.

त्या गावाचे नाव ईद्रिया. स्लोव्हेनियाच्या राजधानीहून, ल्युब्लियानाहून बसने निघालो, की साठेक किलोमीटरवर दाट झाडीच्या डोंगरांनी चारी बाजूंनी दाबून धरलेल्या दरीत ते एकदम दिसते. आमच्या सौभाग्यवतींना वाटले होते, की पाऱ्याचे गाव म्हणजे सगळीकडे लखलखाट असणार. प्रत्यक्षात लाल कौलांची घरे, एक झुळझुळती नदी, चौकात बाकांवर बसलेले म्हातारे! “हे तर आपल्या कोकणासारखंच आहे हो,” त्या काहीशा निराशेने म्हणाल्या. दुपारी तिथला खास पदार्थ समोर आला. बटाट्याचे सारण भरलेल्या इवल्या टोपीसारख्या वड्या. दिवाळीच्या करंज्यांची आठवण होऊन त्यांनी हात पुढे केला आणि सारणात डुकराची चरबी असते हे कळताच तो तितक्याच वेगाने मागे घेतला. मग पावावर भागवले.

गावची दंतकथा अशी. १४९० साली एक बुरूड-सुतार आपली लाकडी बादली झऱ्याच्या पाण्यात भिजत ठेवून गेला. परत येऊन पाहतो, तो तळाशी काहीतरी चमकते आहे आणि बादली उचलता उचलत नाही! यात अतिशयोक्ती असली तरी शास्त्र चुकलेले नाही. पारा पाण्याहून साडेतेरापट जड. लिटरभर पारा म्हणजे साडेतेरा किलो. त्यावर लोखंडाचा गोळा होडीसारखा तरंगतो. झऱ्याकाठच्या त्या शोधातून पुढे पाचशे वर्षे चाललेली खाण उभी राहिली. स्पेनमधल्या अल्मादेनच्या खालोखाल जगातली ही दुसरी मोठी पाऱ्याची खाण. १९९५ साली उत्पादन थांबले आणि २०१२ साली युनेस्कोने दोन्ही गावांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान दिला.

आता खाणीचा १५०० सालचा एक बोगदा प्रवाशांना दाखवतात. अंगात जाडा कोट आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून आम्ही आत शिरलो. वाट दाखवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. वाटेत त्यांनी एक भुयारी देवघर दाखवले. कामावर जाण्यापूर्वी खाणकरी तिथे हात जोडत. या डोंगराखाली एकंदर सातशे किलोमीटरचे बोगदे खणले गेले, म्हणजे मुंबईहून नागपूरला जाण्याइतके!

एका वळणावर त्यांनी दिवा काळ्या दगडावर धरला. दगडाच्या अंगातून पाऱ्याचे बारीक थेंब घामासारखे फुटले होते. माझा हात आपोआप पुढे गेला. साठ वर्षांपूर्वीचा तो मुलगा अजून मेला नव्हता!

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “माझे आजोबा इथे कामाला होते. आम्ही त्यांना कॉफीचा पेला कधी भरून दिला नाही. अर्धाच देत असू. भरलेला दिला, तर तोंडापर्यंत पोचेतो अर्धाच उरे.”

बोगद्यात क्षणभर कुणी बोलले नाही.

पारा साध्या हवेतही हळूहळू उडतो. त्याच्या वाफेला ना रंग, ना वास. ती फुप्फुसातून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत. मग हात थरथरतात, हिरड्या सुजतात, झोप जाते, स्वभाव चिडका होतो. नवल असे, की हाच पारा चुकून गिळला, तर बहुतांशी जसाच्या तसा शरीराबाहेर पडतो. म्हणजे भय तोंडात फुटलेल्या थर्मामीटरच्या पाऱ्यापेक्षा फरशीच्या फटीत राहिलेल्या पाऱ्याचे अधिक. हे ईद्रियाच्या लोकांना पुस्तकाआधी अनुभवाने समजले होते. १६६५ सालीच इथे खाणकऱ्यांचा कामाचा दिवस सहा तासांवर आणला गेला. १७५४ साली स्कोपोली नावाचा तरुण डॉक्टर खाणीचा वैद्य म्हणून आला. त्याने पंधरा वर्षे इथे काढली आणि १७६१ साली ईद्रियाच्या पाऱ्यावर ग्रंथ लिहून त्यात या वाफेच्या विकाराची नोंद केली.

पुढे हिंगुळाचा साठा दिसला, विटकरी लाल. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे लग्न. ईद्रियाच्या भट्टीत काय करीत? हिंगूळ तापवीत. गंधक धूर होऊन जाई, पाऱ्याची वाफ थंड करून धरीत. म्हणजे लग्न मोडण्याचा धंदा! आणि आमचे रसवैद्य नेमके उलट करीत. शुद्ध केलेला पारा गंधकाबरोबर खलून काळीभोर कज्जली करायची, मग ती कुपीत भरून वाळूच्या भट्टीवर तापवायची, की रससिंदूर तयार. मोडलेले लग्न पुन्हा जुळले. रासायनिक दृष्टीने रससिंदूर म्हणजे हिंगूळच. युरोपातल्या या दरीतले आणि आपल्या वैद्याच्या खलातले रसायन एकच, फक्त दिशा वेगळी.

पाऱ्याचा गुण त्याच्या जोडीदारावर ठरतो, ही गोष्ट औषधशास्त्र फार महाग किंमत देऊन शिकले. गंधकाबरोबरचा पारा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून शरीरात फारच थोडा शिरतो. क्लोरिनबरोबर मात्र त्याचे दोन संसार आहेत. पाऱ्याच्या एका अणूमागे क्लोरिनचा एक असेल, तर ते कॅलोमेल, जेमतेम विरघळणारे. गेल्या शतकापर्यंत डॉक्टर ते जुलाबाला सर्रास देत. एकामागे दोन असतील, तर तो पाण्यात सहज विरघळणारा जहाल विषारी क्षार. एका अणूचा फरक, पण एक औषधाच्या कपाटात आणि दुसरे विषाच्या! त्यात आपल्याकडे जुन्या काळी ‘रसकापूर’ या एकाच नावाखाली कधी हा, कधी तो, तर कधी दोहोंचे मिश्रण विकले जाई. घेणाऱ्याचे नशीब!

सोळाव्या शतकात उपदंशाने युरोप हवालदिल झाला. तिथे त्यावर पारा, आणि त्याच शतकातल्या ‘भावप्रकाशा’त या ‘फिरंगरोगा’वर उपाय सांगितला तोही पारा! रोग फिरंग्यांबरोबर आला आणि औषध दोन्हीकडे एकच निघाले. रोगी कधी रोगाने दगावत, कधी औषधाने. पेनिसिलिन येईपर्यंत पाऱ्याचा या रोगाशी संबंध पुरता तुटला नाही.

पण मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट लहान मुलांची वाटते. इंग्लंडात दात येणाऱ्या बाळांना आया प्रेमाने जी पूड देत, तिच्यात कॅलोमेल असे. काही बाळांचे हातपाय गुलाबी होऊन दुखत, ती रात्रंदिवस रडत, काही दगावतही. कारण वर्षानुवर्षे कळेना. १९५४ साली पुडीतून कॅलोमेल काढले आणि तो आजारच दिसेनासा झाला. ज्या आईने ती पूड मायेने चाटवली, तिने पुढे काय म्हणून मनाची समजूत घातली असेल?

आपण मात्र पाऱ्याला सर्वस्वी दुष्ट ठरवून मोकळे होऊ नये. कपाळावरच्या हाताने ‘अंग कढत लागतंय’ म्हणायचे दिवस जाऊन ‘एकशेदोन आहे’ म्हणता आले, ते याच्यामुळे. रक्तदाब आजही पाऱ्याच्या उंचीवरच सांगतात, उपकरणात पारा नसला तरी! मात्र जपानमधल्या मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला. तो रोग १९५६ साली उघडकीला आला आणि त्याच गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याला आवर घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१८ साली भारतही त्यात सामील झाला. औषधालयातून पारा निरोप घेतो आहे, आणि ते योग्यच आहे.

खाणीतून बाहेर आलो, तर गावात ठिकठिकाणी लेसची दुकाने. खाणकऱ्यांच्या पगारात भागत नसे, म्हणून घरोघरी बायका दोऱ्यांच्या लाकडी फिरक्या हलवून लेस विणीत. १८७६ साली सुरू झालेली लेसची शाळा अजून चालू आहे. बाईंची आजीही विणायची. एकाच घरात एक हात थरथरणारा आणि एक मुळीच थरथरता कामा नये असा! सौभाग्यवतींनी एक तळहाताएवढा तुकडा घेतला. किंमत ऐकून माझाही हात जरा थरथरला, पण घासाघीस करण्याचे धैर्य झाले नाही.

घरी आल्यावर कपाटातला जुना थर्मामीटर काढून सुनेच्या हाती दिला आणि सांगितले, हा फुटला, तर मुलांना आधी खोलीबाहेर काढ, पंखा बंद कर, खिडक्या उघड. केरसुणी लावू नकोस. कागदाच्या पुठ्ठ्याने थेंब गोळा करून बाटलीत पाण्याखाली ठेव आणि घट्ट बूच लाव.

“बाबा, आपल्याकडे तो आवाज करणारा नवा आहे ना, मग हा ठेवायचा कशाला?” तिने विचारले.

तिचे बरोबर होते. पण तो कुठे द्यायचा याची चौकशी होईपर्यंत मी त्याला त्याच्या नळीत घालून, लेसच्या तुकड्यात गुंडाळून, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवला आहे. गुंडाळताना मात्र नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.