ओळख करून देताना

एका पदवीदान समारंभात दोघं बोलणार होते. एक प्राध्यापक, दुसरी आमच्या वस्तीतली पोरगी. सूत्रसंचालकानं प्राध्यापकांची पुस्तकं मोजली, संशोधन सांगितलं. पोरीची पाळी आली तसा गळा दाटून म्हणाला, ‘झोपडपट्टीतली, मागास समाजातली, तरीपण पहिली आली!’ टाळ्याच टाळ्या. तिनं अभ्यास कशाचा केला, त्याबद्दल चकार शब्द नाही.

मला तो ‘तरीपण’ सलला. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठानं बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. तिथल्या गौरवपत्रात राज्यघटनेचं काम होतं, समाजसुधारणा होती, मानवी हक्कांची बाजू होती. माणसाची ओळख कामानं झाली. दयेनं नव्हे.

मग आपण वस्ती लपवायची? बिलकूल नाही. पोरगी माईकपाशी गेली, आधी विषय सांगितला: रोजगार हमीवर राबणाऱ्या बायांची मजुरी. मग म्हणाली, ‘त्यात माझी आईपण होती. म्हणून हिशोब मला कळला.’ तिची वस्ती तिच्या अभ्यासाचं बळ होती.

दोस्तांनो, सूत्रसंचालन हे हलकं काम समजू नका. पुढल्या समारंभाला माईक मागून घ्या. बोलणाऱ्याला आधी विचारा, तुझी ओळख कशी सांगू? मग तीच सांगा.

जयभीम.