आजोळचे माळवद

इगतपुरीत आषाढ लागला की आमच्या घरातले बोलणे कमी व्हायचे. कौलांवर पाऊस असा कोसळायचा की शेजारी बसलेल्याचेही ऐकू येत नसे. अब्बा रेल्वेत होते. कसाऱ्याहून थळ घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने लावतात, त्यांवर त्यांची निम्मी नोकरी गेली. १८६५ साली हा घाट रेल्वेला खुला झाला आणि पुढे आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे रुळांच्या आधाराने इथे स्थिरावली. निवृत्तीनंतर अब्बांनी क्वार्टर सोडले आणि गावात एक जुने कौलारू घर घेतले.

२०१९ साली आम्ही भावंडांनी ती कौले उतरवली आणि स्लॅब टाकला. नकाशा काढला, परवानगी घेतली, पैसे भरले, काम झाले. घर किती जुने, त्याच्या तुळया कसल्या, हे कुणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची यादी आहे, त्यांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत, बदल करायचा तर समितीकडे जावे लागते, हे आम्ही ऐकून होतो. ते सारे मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतींसाठी, असा आमचा समज होता.

हा समज दोन वर्षांनी मोडला. खुलताबादहून मामूंचा फोन आला. खुलताबाद हे आमचे आजोळ. तिथले घर मराठवाड्यातल्या जुन्या घरांसारखे, माळवदाचे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात मधल्या खणातली तुळई मोडली आणि नानी जिथे नमाज पढायच्या तिथे मातीचा ढीग पडला.

"आता स्लॅबच टाकून घेऊ," आम्ही म्हणालो. "वर एक खोली काढा. मुलाचा निकाह तोंडावर आला आहे."

"बेटा, इथे तसे चालत नाही," मामू म्हणाले. "आमच्या शेजारी बादशहा झोपला आहे."

औरंगजेबाचे १७०७ साली अहमदनगरजवळ निधन झाले. त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला खुलताबादेत शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. ती कबर केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८चा. त्यात २०१० साली दुरुस्ती होऊन नियम कडक झाले. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पहिल्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही, आणि जुने पाडून पुन्हा बांधताही येत नाही. मात्र घर १६ जून १९९२ पूर्वीपासून उभे असेल, तर मालकाला अर्ज करून दुरुस्ती करता येते. परवानगीशिवाय काम केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजोळ पहिल्याच पट्ट्यात येत होते. म्हणजे माळवद दुरुस्त होणार होते, वरची खोली होणार नव्हती.

"रात्रीतून उरकून घ्या, कोण बघायला येतो?" असे सांगणारेही भेटले. अम्मीने ते धुडकावले. "चोरून केलेल्या छपराखाली झोप लागत नाही," ती म्हणाली.

मग कागदांचा शोध सुरू झाला. नानींच्या लोखंडी पेटीत, दुपट्ट्यात गुंडाळलेली, १९७४ची घरपट्टीची पावती सापडली. घर १९९२ पूर्वीचे, हे सिद्ध झाले. पण अर्ज मालकाने करायचा होता, आणि मालमत्ता पत्रकावर नाव होते नानांचे. नाना जाऊन तीस वर्षे झाली होती. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. दोष आमचाच.

वारस तिघे : मामू, अम्मी आणि धाकटी खाला. मामू इगतपुरीला आले ते हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच. त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. आपल्याकडे बहिणी सही करतात, भाऊ ईदला साडी-चोळी करतो आणि माहेर शाबूत राहते, एवढेच त्यांना ठाऊक. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा कुरआनाने दिला आहे, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि घरी आलो की विसरतो. आम्हीही विसरलोच होतो. अम्मीने सही करून टाकावी, म्हणजे अर्ज लवकर जाईल, असे आम्हालाच वाटत होते.

अम्मीने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "जे माझ्या नावावर नाहीच, ते सोडू कसे? आधी नाव लागू दे. सोडायचे की नाही, ते मग बघू."

मामू गप्प बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपा, तुझे बरोबर आहे."

नोंद होण्यातच महिने गेले. कायद्यात अर्जासाठी मुदती आहेत. सक्षम प्राधिकाऱ्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचे आणि त्यानंतर महिन्याभरात अर्जदाराला निर्णय द्यायचा. आमचा वेळ गेला तो त्याआधीच, स्वतःचे घर कुणाचे हे ठरवण्यात. तोवर एक पावसाळा ताडपत्रीखाली निघाला. अखेर परवानगी आली, माळवद पूर्वीसारखे झाले. मात्र मामूंचा मुलगा निकाहनंतर शहरात भाड्याच्या घरात राहायला गेला. घरात दोन म्हातारी माणसे उरली. ही किंमत कुठल्याच अर्जात लिहिलेली नसते. स्मारक जपताना त्याच्या शेजारची माणसे कुठे जातील, हाही प्रश्न कायदा करणाऱ्यांनी कधीतरी विचारायला हवा.

२०२५च्या मार्चमध्ये ती कबर हटवण्याची मागणी जोरात उठली. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. खुलताबादेत पोलिसांचा पहारा बसला. इगतपुरीहून आम्ही रोज फोन करत होतो. बादशहाविषयी आमच्या घरातही एकमत नाही. त्याच्याशी आमचे नाते एवढेच, की आजोळची भिंत त्याच्या शेजारी आहे.

"भीती वाटते का, मामू?" आम्ही विचारले.

"वाटते ना," ते म्हणाले. "पण गंमत बघ. जो कायदा मला वर खोली बांधू देत नाही, तोच आज कबरीच्या आड उभा आहे. आणि मला कुणी विचारलेच, की तू इथे कधीपासून, तर माझ्याकडेही फाइल आहे."

त्या फाइलमधल्या मालमत्ता पत्रकाची एक प्रत इगतपुरीत अम्मीच्या कपाटात आहे. त्यावर तीन नावे आहेत. हक्कसोडपत्राचा विषय मामूंनी पुन्हा काढला नाही. दर पावसाळ्याआधी अम्मी माळवदावर घालायच्या मातीचे पैसे पाठवते, तिच्या हिश्शाचे. इथे बाहेर पाऊस कोसळत असतो. स्लॅबखाली त्याचा आवाज येत नाही. अम्मी खिडकी उघडून बसते.