दहा बाय दहातला बेस

बेस गिटार शिकायला आलेलं पोरगं दोन-तीन महिन्यांत अँपचं विचारू लागतं. पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो, "सर, किती वॅटचा घेऊ?" मालेगावात हा प्रश्न साहजिक आहे. मोसम नदीच्या पूर्वेला गल्लोगल्ली यंत्रमागांचे कारखाने, धोट्याचा खटखटाट रात्रंदिवस चालू, आणि लग्नसराईत बँजो पार्टीची गाडी निघाली की तिच्यावरच्या बॉक्सचे वॅट हजारांत मोजायचे. अशा गावात वाढलेल्या कानाला चाळीस वॅटचा डबा खेळणं वाटणारच. माझं उत्तर मात्र कित्येक वर्षं एकच आहे: वॅट नंतर बघू, आधी अँप अगदी बारीक आवाजावर ऐक. घरी वाजवायचा अँप बारीक आवाजावर पारखायचा असतो, कारण त्याचं बहुतेक आयुष्य त्याच आवाजात जाणार असतं.

यामागे कानाची रचना आहे. बेसची सर्वांत जाड तार, 'ई'ची, सेकंदाला ४१ वेळा थरथरते. तिच्यावरची 'ए' ५५, 'डी' ७३ आणि 'जी' ९८ वेळा. इतक्या खालच्या सुरांना माणसाचा कान मुळातच मंद, आणि आवाज जितका कमी करावा तितका हा मंदपणा वाढतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये माणसांना सूर ऐकवून हे मोजून ठेवलं आहे. म्हणून घरी हळू वाजवताना बेस हरवल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप 'बेस' लिहिलेल्या नॉबकडे जातो. तो नॉब पूर्ण फिरवला की खोलीत नुसता घुमारा भरतो. 'ए' वाजवला की 'बी', ते ओळखू येत नाही, बोट किंचित उशिरा पडलं तर तेही त्या घुमाऱ्यात झाकलं जातं. रियाज करणाऱ्याचं याहून मोठं नुकसान नाही. त्याने हात 'मिड'कडे न्यावा. सुराचा चेहरा मिडमध्ये असतो. मिड थोडा वर, बेस मधोमध, आणि आवाज इतका की शेजारी बसलेल्याशी बोलता यावं. या अवस्थेत ज्या अँपवर चारही तारांचे सूर वेगवेगळे आणि सारख्या जोराचे ऐकू येतात, तो घरासाठी चांगला अँप. दुकानात मी पोरांना 'ई'च्या तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर सावकाश वाजवायला लावतो. एखादा सूर अचानक फुगतो किंवा बसतो का, ते ऐकायचं. दुकानदार मागे उभा राहून आवाज वाढवायला सांगतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

आठ इंची स्पीकरमधून ४१चा सूर खऱ्या ताकदीने निघत नाही, हे खरं. तरी छोट्या अँपवर 'ई' ऐकू येतो, कारण तारेतून ४१ बरोबर ८२, १२३ असे वरचे सूरही निघत असतात, आणि ते कानावर पडले की मेंदू खालचा सूर स्वतः जोडून घेतो. जुन्या ट्रान्झिस्टरवर राहुलदेव बर्मनांची गाणी ऐकताना टोनी वाझ यांचा बेस आपल्याला कळायचा, तो असाच. त्यामुळे छोटा अँप फसवणूक करतो असं मी मानत नाही. त्याला हवा ढकलता येत नाही, एवढंच. बारा इंची स्पीकरचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या साधारण सव्वादोनपट भरतं, आणि अंगाला जाणवणारा बेस त्या क्षेत्रफळातून येतो. माझी पसंती मधल्या दहा इंचीला. फेंडरचा रंबल ४० या जातीतला आहे: चाळीस वॅट, दहा इंची स्पीकर, वजन आठ किलोच्या आसपास, म्हणजे मोटरसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर मावतो.

वॅटचा हिशेब एकदा समजून घेतला की डोक्यातलं बरंच ओझं उतरतं. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त तीन डेसिबलने वाढतो, जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. अँपेग कंपनीचा बी-१५ हा अँप १९६० मध्ये आला, पंधरा इंची स्पीकर आणि वॅट अवघे पंचवीस. मोटाउनच्या असंख्य गाण्यांमागे ज्यांचा बेस आहे ते जेम्स जेमरसन क्लबात हाच वाजवायचे. त्याच कंपनीने १९६९ मध्ये तीनशे वॅटचा एसव्हीटी काढला तो मोठ्या मैदानांसाठी. आपल्या घरात मैदान नाही.

आपल्याकडे दहा बाय दहाची खोली असते, आणि ती खोली अँपइतकीच ऐकू येते. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. 'ए'ची मोकळी तार ५५ची. म्हणजे आपल्या ठरावीक मापाच्या खोलीत नेमकी एक तार बाकी तिघींपेक्षा जास्त बोंबलते, आणि पोरगं समजतं की अँपमध्ये बिघाड आहे. अँप कोपऱ्यात ठेवला तर हे आणखी वाढतं. भिंतीपासून हात-दोन हात पुढे ओढला, खुर्चीवर ठेवला, तोंड कानाकडे तिरकं केलं की निम्मा त्रास जातो.

शेजारच्या काकू एकदा दारात येऊन म्हणाल्या, "अरे, तुझं मशिन चालू झालं की आमच्या मांडणीतल्या ताटल्या का वाजतात? तेही मधूनच!" मी त्यांना आत बोलावलं नाही, मीच बेस मोबाइलवर रेकॉर्ड करून, फोन खिशात टाकून त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. फोनच्या आवाजाने काहीच हललं नाही. मग माझा एक विद्यार्थी इकडे एकेक फ्रेट वाजवत गेला आणि मी तिकडे मांडणीला हात लावून उभा राहिलो. 'ए'च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, 'सी'ला, स्टीलच्या ताटल्या शहारल्या. चौथ्याला गप्प. मांडणीच्या पायाखाली रबराचा तुकडा सरकवला आणि अँपखाली जाड गोधडीची घडी घातली, ताटल्या थांबल्या. गोधडीने लादीतून जाणारा थरकाप अडतो, हवेतून जाणारा बेस मात्र अडत नाही. ४१चा एक तरंग आठ मीटरांहून लांब असतो, त्याला पडदा किंवा भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे काहीच करू शकत नाहीत. कोणी तसे ट्रे विकायला आणले तर घेऊ नका.

कायद्याचा आकडाही इथं फारसा कामाचा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजणारं मीटर कानाच्या हिशेबाने चालतं आणि ५० हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलने कमी धरतं. मीटर शांत, भिंत हलतेय, असं होऊ शकतं. त्यामुळे दहानंतर हेडफोन, आणि दहाच्या आधी शेजाऱ्याला विचारून. अँपला हेडफोनची जागा आणि मोबाइलवरचं गाणं सोबत लावायला ऑक्स हवाच. हेडफोनमधून खालचा सूर उलट जास्त स्वच्छ येतो, तार नीट न दाबल्याची खरखर लपत नाही.

मालेगावकरांसाठी एक खास सूचना. अँप घरी आणल्यावर त्याची पहिली खरी परीक्षा शुक्रवारी घ्या. त्या दिवशी माग बंद असतात. इतर दिवशी कारखान्याचा खालचा दणका बेसच्या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो आणि आपण नकळत नॉब वाढवत राहतो. शुक्रवारी जिथं नॉब थांबेल, तिथं बारीकशी खूण करून ठेवावी.

शुक्रवारी आणखी एक गोष्ट उघडी पडते, अँपची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची. 'ई'च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा 'जी' ४९ चा. म्हणजे अर्थिंग खराब असेल तर अँप जणू न विचारता सतत 'जी'च्या जवळचा, पण किंचित चढा सूर धरून बसतो, आणि त्याच्याशी आपला 'जी' लावायला गेलं की कान गोंधळतो. जुन्या घरांत अर्थिंगची तार नुसती लोंबकळत असते. वायरमन बोलावून ती नीट करून घ्यावी. गुणगुण थांबते म्हणून प्लगची जाड पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ते जिवावर बेतणारं आहे, असं कधीही करू नये. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला अँप असेल तर आधी पाठीवरचं लेबल वाचावं. तो फक्त १२० व्होल्टचा निघाला आणि आपल्या २३०च्या बोर्डात घातला, तर पहिल्याच मिनिटाला संपला.

आता जॅमिंग. मालेगावच्या कॅम्प भागात कुणाच्या तरी हॉलमध्ये कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, एखादी गिटार, असा आपला ताफा असतो. यात चाळीस वॅट पुरतात, फक्त ढोलकीच्या धुमेशी भांडायचं नाही. खालची जागा तिची, आपण मिड वाढवून तिच्या वर बसायचं. ऑक्टोपॅडवाल्यालाही 'किक'चा बेस जरा उतरवायला सांगावं. खराखुरा ड्रमसेट आला की गोष्ट बदलते. त्याच्यासमोर शंभर वॅट आणि बारा इंची स्पीकर असला तरी दम लागतो. पण वर्षातून चार वेळा येणाऱ्या ड्रमसेटसाठी घरात रोज मोठं धूड सांभाळण्यापेक्षा, मागे डीआय आउट असलेला छोटा अँप घ्यावा. त्यातून एक वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला गेली की समोरच्या लोकांना बेस मोठ्या बॉक्समधून मिळतो आणि आपला अँप फक्त आपल्याला ऐकवायला उरतो. दोन्ही जोडल्यावर गुणगुण आली तर मागचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं.

सेकंडहँड घेणार असाल तर जाळी काढून स्पीकरचा कागद दोन्ही अंगठ्यांनी सारखा, हलका आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल गेलेली आहे, तो घेऊ नका. नॉब फिरवताना नुसती खरखर येत असेल तर घाबरायचं कारण नाही, क्लीनरच्या फवाऱ्याने ती जाते. नाशिक शंभरएक किलोमीटर आहे, सकाळची एसटी धरून जावं, आणि स्वतःचा बेस सोबत न्यावा. दुकानातल्या भारी बेसवर प्रत्येक अँप गोड लागतो.