आतून काय लावलंत?

यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही घरच्यांनी मिळून पाण्यावर चालणारी युद्धनौका बनवली. आम्ही म्हणजे दोघे नवराबायको, दोघेही शिक्षक, आणि आठवीतला मुलगा. अब्बांची सारी उमर लाकडी होड्यांच्या डागडुजीत गेली, पण त्यांना आम्ही काही विचारले नाही.

नमुना निवडला ‘आयएनएस विशाखापट्टणम’चा. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ही विनाशिका २०२१ साली नौदलात आली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. शंभरास एक या प्रमाणात आमची नौका १६३ सेंटिमीटरची. मुलगा म्हणाला, “म्हणजे वजन ७४ टन?” लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभरपट घटतात, म्हणून वजन दहा लाखपट घटते, हे त्याला समजावले. मोटर-बॅटरीसकट अवघे ७.४ किलो!

हिशेब बरोबर होता, पण सामान आम्ही स्वस्त बघून आणले. फर्निचरवाल्याकडचे एमडीएफचे तुकडे, पांढरा डिंक आणि बाहेरून ऑइलपेंटचे तीन हात. वजन नऊ किलोच्या वर गेले. तलावात सोडली तेव्हा नौका रेषेपेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर जास्त बुडाली. मोटरीच्या दांड्याच्या भोकातून पाणी शिरले आणि अर्ध्या तासात तळ पावासारखा फुगला. वर्गातली मुले हसली. आमच्या मुलाने मान खाली घातली.

घरी अब्बांनी नौका उलटीसुलटी करून पाहिली. “आतून काय लावलंत?”

“काही नाही. आतून कोण बघतंय?”

“पाणी बघतं,” अब्बा म्हणाले.

दुसरी नौका त्यांच्या देखरेखीखाली झाली. तळाला पातळ मरीन प्लाय घेतला, कारण त्याचे थर पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने जोडलेले असतात. वरचे मनोरे हलक्या सनबोर्डचे केले. वरती जड सामान असले की नौका कलंडते. प्लायच्या कापलेल्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून त्यांना आधी इपॉक्सी पाजली. मग बाहेरून काचेचे पातळ कापड इपॉक्सीत बसवले आणि आतून दोन हात दिले. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. रिकाम्या जागेत थर्माकोल भरला. इपॉक्सीने तो विरघळत नाही, पॉलिएस्टर रेझिनने विरघळतो. मोटरीचा दांडा ग्रीस भरलेल्या पितळी नळीतून काढला.

रंग देण्याआधी अब्बांनी नौकेत वर्तमानपत्र अंथरले, तेवढेच वजन ठेवले आणि ती रात्रभर मोठ्या टाकीत तरंगत ठेवली. “जिथं कागद भिजेल, तिथं गळती.”

पहाटे मुलगा आमच्याही आधी उठला. कागद सगळीकडे कोरडा होता. त्याने तो काढून आधी अब्बांच्या हातात दिला.

प्रदर्शनात नौकेशेजारच्या पाटीवर बनवणाऱ्यांची नावे लिहायची होती. मुलाने पहिले नाव दादांचे लिहिले. आम्ही दोघे खाली, बारीक अक्षरांत.